वहिनीच्या भिंतीवरच्या तीन रेघा

मु. केनवड
श्रावण वद्य द्वितीया, शके १८६०

चि. जगदेव यास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. फक्त माझी सुपारी बंद आहे.

तुझ्या शेतकी कचेरीनं धाडलेला तक्ता इतका ऐसपैस, की शाळामास्तराच्या मेजावर मावेना. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर सुपारीचा डबा ठेवला. डबा उचलला की तक्ता जमिनीवर! लहान कुटुंबाची शेती टिकेल काय, हे ठरवण्यासाठी सरकारनं एका मास्तराची सुपारी तोडावी, याची नोंद कुठल्या रकान्यात करू?

तुमचे साहेबही येऊन गेले. बुटांना चिखल लागेल म्हणून मोटारीतूनच वावर पाहिलं. तेवढ्या लांबून कपाशी काय नि अंबाडी काय! तुझं अनुमान तर आधीच तयार होतं: आपल्या थोरल्या वहिनीचं पाच एकर वावर तोट्यात, तेव्हा विकावं. संमतीपत्र तक्त्याच्याच लखोट्यात निघालं. नाडी बघण्याआधी तिरडीचे बांबू धाडणारा वैद्य मी पहिल्यांदाच पाहिला.

भरलेला तक्ता वहिनीला वाचून दाखवला. निंदणाचे बेचाळीस दिवस, त्यांची मजुरी, म्हणून तोटा. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"मजुरी? कोनं देल्ली, भाऊजी?"

"धरायची असते, वहिनी."

"कायले? तुळसाबाई माह्या वावरात दोन दिस आली, मी तिच्यात दोन दिस गेली. पैसा आला कुटून? जगदेवले म्हना, अमरावतीले जाऊन येवढंबी इसरला काय?"

मग तिनं भिंत दाखवली. ज्याच्याकडे जेवढे दिवस येणे, तेवढ्या कोळशाच्या रेघा; दिवस परत आला की पुसायच्या.

"समद्या पुसल्या. तीनच राह्यल्या."

कोणाच्या, ते मी विचारलं नाही. माझी बायको सरस्वती विषमज्वरानं पडली, त्या वर्षी माझ्या दोन एकरांतलं गवत कोणी काढलं, ते मला ठाऊक होतं.

आता वरच्या विनोदात दडवलेलं लिहितो. तक्ता मीच भरला. तोटा माझ्याच वळणदार अक्षरात आहे. संमतीपत्रावर दीर म्हणून सहीही केली होती, कारण वहिनीचं वावर घेऊ पाहणारा शेलूबाजारचा व्यापारी माझ्या दोन एकरांनाही चांगला भाव देत होता. साहेबांनी निदान मोटारीतून पाहिलं. मी वहिनीच्या ओसरीवर बसून, तिच्या हातचा चहा पीत पाहिलं नाही.

हे पत्र इथवर येऊन तीन दिवस पडून होतं. पुढचं अक्षर वाकडं दिसेल. खुरप्यानं तळहाताला फोड आलेत. शाळेला रजा टाकून वहिनीच्या वावरात निंदायला गेलो होतो. बाया पोट धरून हसल्या: "मास्तर, गवत ठेवून कपाशीच उपटून राह्यले तुमी!"

काल सांजेला वहिनीनं ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसली.

सही खोडलेलं संमतीपत्र सोबत आहे.

वहिनीचं आता एकाही दिवसाचं देणं न लागणारा,
मारोती