मानवतचा फोन

शुक्रवार, संध्याकाळ. परभणी.

व्यवसायाच्या ओळखी करून देणाऱ्या त्या साइटचा फुकटचा महिना उद्या संपतोय. पैसे भरून पुढं चालू ठेवावं का? कापसाच्या जिनिंगवाल्यांना तिथं लिहून लिहून थकले. त्यांच्या मशीनचे सुटे भाग माझ्या वर्कशॉपात बनतात, एवढंच सांगायचं होतं. आल्या त्या नुसत्या शुभेच्छा. शुभेच्छांचं काय करू?

आज एकच फोन आला, मानवतच्या जिनिंगच्या मालकांचा. "ताई, तुमी इथल्याच का? मी तर हे गुजरातहून मागवायलोय!"

लाज वाटली. मानवत इथून तासाभरावर, आणि इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही. साइट नसती तर त्यांना कळलं असतं का? नसतं. पण मानवतला एसटी जाते की.

पैसे भरले नाहीत. उद्या नमुने घेऊन येते म्हटलं. ते म्हणाले, "या की, जेवायलाच या."