हिंमतदादांचे टाळ

खराडी, पुणे
दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कौशल्या हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या भजनी मंडळाला मी मोरीत पडलेली भांडी म्हणालो म्हणून दिवाळीत तू अबोला धरलास. अबोला बोलण्याचा असतो, लिहिण्याचा नसतो. म्हणून हे पत्र.

माधवरावांची हकिकत आमच्या अभिनवकडून कळली. झटका आल्यापासून उजवा हात उचलत नाहीत आणि तोंडातून शब्द नाही. ज्या माणसानं स्वारगेटच्या एस.टी. आगारात जन्मभर गाड्या पुकारल्या आणि ड्रायव्हर-कंडक्टरांना फैलावर घेतलं, तो गप्प पडून आहे हे मला सहन होत नाही. डॉक्टर म्हणे वाचा येईलही आणि येणारही नाही. एवढं तर आमचा वॉचमनसुद्धा सांगू शकला असता, आणि फुकट.

पण खरा धक्का मला पुढचं ऐकून बसला. तू सकाळी त्यांच्या उशाशी पोथी वाचतेस आणि गुरुवारी मंडळ घरी येऊन गातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठून पळता येत नाही, याचा असा गैरफायदा मी आजवर पाहिला नव्हता. आमची सून पूर्णिमाही त्याच वाटेनं निघाली आहे. अभिनवच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, तर त्यावर उपाय म्हणून आमच्या क्लबहाऊसमध्ये एक बाई पितळी वाडगे बडवतात आणि ही शिकलेली मंडळी चटईवर डोळे मिटून पडतात. तिला म्हणे फार शांत वाटतं. झोप लागते, दुसरं काय!

अभिनवबरोबर छोटा स्पीकर आणि शास्त्रीय गायनाची निवडक ध्वनिमुद्रणं पाठवतो आहे. मी चाळीस वर्षं पुढच्या रांगेत बसून मैफली ऐकल्या आहेत. त्या बिचाऱ्याच्या कानावर निदान काही बरं पडू दे.

कळावे. आशीर्वाद पूर्वीइतकेच आहेत, मतही पूर्वीचंच आहे.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
नारायण पेठ, पुणे
दि. १४ फेब्रुवारी २०२५

ती. हिंमतदादांना कौशल्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं, स्पीकरही मिळाला. तुमचे बुवा एकाच स्वरावर इतका वेळ बसून राहिले की हे घोरायला लागले. पूर्णिमाच्या वाडग्यांनीही तेच झालं असतं, आणि ते ऐकायला चाळीस वर्षं घालवावी लागली नसती.

पोथीबद्दल विचारलंत. विचारलं नाहीत, हिणवलंत, पण सांगते. डॉक्टर म्हणाले, यांच्याशी सतत बोलत राहा. आता मी काय बोलू? आमच्या घरात बोलण्याचं काम यांचं, हुंकार माझा. दूध आलं, गॅस संपला, जिन्यातला दिवा गेला, एवढं सांगून झाल्यावर माझे विषय संपले. पोथीत शब्द तयार असतात. ते वाचताना माझा आवाज कापत नाही. माझं बोलायला गेले की कापतो.

देवाकडे मागणं एकच आहे. यांनी मला एकदा नावानं हाक मारावी. हे टक लावून माझ्याकडे बघतात आणि मी कोण ते त्यांना कळतंय की नाही हे मला समजत नाही. तेव्हा फार भीती वाटते, दादा.

बोलणं शिकवायला शबनम नावाची मुलगी येते. ती म्हणते, ओळखीचं कानावर पडू द्या. यांच्या ओळखीचं म्हणजे भजन. मंडळात पखवाज हेच वाजवायचे, आणि कुणाचा ताल चुकला की भजन मध्येच थांबवून त्याचा सगळ्यांदेखत उद्धार करायचे. आता पखवाज खोळ घालून कोपऱ्यात उभा आहे. त्यात टाळ धरणाऱ्या तुळजाबाई लेकीच्या बाळंतपणाला सांगलीला गेल्या. टाळाला माणूस नाही. तुम्हाला बोलावत नाही, नुसतं कळवते. गुरुवारी पाच वाजता असतं.

मोठे असलात तरी लोभ असू द्यावा.

आपली,
कौशल्या


खराडी, पुणे
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कौशल्या हिस आशीर्वाद.

तुझं न बोलावणं पोचलं. गुरुवारी येतो. भक्ती करायला येत नाही, ताल म्हणजे काय ते तुझ्या मंडळाला एकदा दाखवायला येतो. कपाळाला बुक्का लावायचा नाही. प्रसाद चालेल, पण तो शिरा असेल तर. आणि अबोला आहे तो आहे, तेव्हा माझ्याशी बोलायला येऊ नये.

बाकी क्षेम आहे.

दादा


खराडी, पुणे
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कौशल्या हिस आशीर्वाद.

काल तुझ्या घरी जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पेटीवर तू होतीस, गायला चार बाया होत्या, आणि टाळ माझ्या हातात होते. माझ्या मते उत्तम चाललं होतं. माधवराव मात्र उशीवर डोकं इकडून तिकडे करत होते. मला वाटलं, माणूस तल्लीन झाला. मग त्यांनी डावा हात गादीवर आपटायला सुरुवात केली. मला वाटलं, ठेका धरला. म्हणून मी आणखी जोरात वाजवलं. तेव्हा त्या माणसानं माझ्याकडे बघून, तोंड वाकडं करत, पाचही बायकांसमोर मला गाढव म्हटलं. वर दम घेऊन ‘आहात’ही म्हटलं. गाढव आहात!

मी टाळ ठेवले, चपला घातल्या आणि उतरलो. शिराही खाल्ला नाही. रिक्षात बसल्यावर माझा संताप मावत नव्हता. ज्याला रागातला र कळत नाही अशा माणसानं मला ताल शिकवावा, हेच मी रिक्षावाल्याला ऐकवत होतो. येरवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला की, काका, आजारी माणूस एवढं बोलला म्हणजे बराच सुधारला म्हणायचा.

कौशल्या, तोवर माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. माधवराव बोलले. मी इतका अपमानात बुडालो होतो की ते बोलले हेच मला दिसलं नाही. रिक्षा मागे वळवावी असं वाटलं. पण गाढव म्हणवून घेतल्यावर लगेच परत कोणत्या तोंडानं यायचं, ते ठरेना.

पुढे काही बोलले का, ते कळव.

दादा


॥ श्री ॥
नारायण पेठ, पुणे
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

काही बोलले नाहीत. शुक्रवारी मी पोथीचे दोन अध्याय जास्त वाचले. छताकडे बघत राहिले. शनिवारी बायका मुद्दाम येऊन टाळाशिवाय गायल्या, अगदी सुरेख गायल्या, तर यांनी डोळे मिटून घेतले. शबनमला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली की पुष्कळदा रागाचे शब्द आधी येतात, ज्यांनी राग आणला त्यांना परत बोलवा.

आता एक सांगते, राग मानू नका. मानलात तरी सांगते. तुम्ही आमच्याकडे गाण्यावर व्याख्यान देऊन गेलात की हे नेहमी म्हणायचे, हिंमतरावांना गाण्यातलं सगळं कळतं, फक्त सम कुठे आहे तेवढं कळत नाही. तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही अशी मला सक्त ताकीद होती. तुम्ही माझे मोठे भाऊ, तुमचा मान राहावा म्हणून इतकी वर्षं हा माणूस तुमच्यापुढे गप्प बसला. आमच्या घरात हे फक्त तुमच्यापुढेच गप्प बसायचे.

तर कृपा करून गुरुवारी या. आणि हात जोडून विनंती, सराव करून येऊ नका.

शिरा करून ठेवते. लोभ आहेच, तो शिऱ्यावर अवलंबून नाही.

आपली,
कौशल्या


खराडी, पुणे
दि. १७ मार्च २०२५

चि. सौ. कौशल्या हिस अनेक आशीर्वाद.

ताप भरला आहे, या गुरुवारी येणं होणार नाही. माधवरावांना तेवढीच विश्रांती. गाढवानंतर मला रेडा झाला, ठोंब्या झाला, आणि मागच्या खेपेला त्यांनी पुरे करा असं अख्खं वाक्य म्हटलं. माझ्या वाजवण्यानं कुणाचं इतकं भलं होईल असं मला वाटलं नव्हतं. अशा रीतीनं होईल असं तर मुळीच नाही.

मी हल्ली चारलाच येऊन जिन्यात का बसतो, असं तू अभिनवला विचारलंस म्हणे. आतून तुझं पोथीवाचन ऐकू येतं. त्यातलं मला आजही काही पटत नाही. पण आई सांजवात लावून असंच वाचायची, आणि वडिलांच्या आजारात तेवढ्या वेळापुरती मला भीती वाटायची नाही. हे मी विसरलो होतो. अभिनवच्या नोकरीचं अजून अधांतरीच आहे, त्यामुळे जिना बरा वाटतो. पूर्णिमाला वाडग्यांवरून बोलणं मी बंद केलं आहे. वाडगे भिकार आहेत, ते वेगळं.

हे पत्र मंडळात वाचून दाखवू नये.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
नारायण पेठ, पुणे
दि. २१ मार्च २०२५

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

काल तुळजाबाई परत आल्या. टाळ त्यांनी धरले. एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. यांनी सगळं भजन शांतपणे ऐकून घेतलं, पाहुण्यांचं ऐकतात तसं. मग दाराकडे पाहिलं. तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे बघून कौशल्या म्हणाले.

स्पष्ट म्हणाले, दादा. पाचही जणींनी ऐकलं. हाक मारली की देवापुढे लोटांगण घालायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. प्रत्यक्षात माझ्या तोंडून नुसतं काय हो एवढंच निघालं, चाळीस वर्षं निघतं तसं. यांनी बराच वेळ शब्द गोळा केले. आणि मला विचारलं, गाढव कुठंय.

खराडीला आहे, ताप आलाय, असं मी सांगितलं. त्यावर यांनी तुळजाबाईंना डाव्या हातानं खूण करून टाळ खाली ठेवायला लावले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

अंग मोडून आलं असेल तर आणखी दोन दिवस पडा, पण गुरुवार चुकवू नका. टाळ तुमच्या खुर्चीवर ठेवले आहेत, तुळजाबाईंना सांगून झालंय. जिन्यात बसू नका, आत या. अबोला मी मोडला आहे.

लोभ असावा असं तुम्हाला आता काय लिहायचं.

आपली,
कौशल्या