ब जिन्याची अँटेना आणि न पाहिलेला सव्विसावा भाग

मी, आंगेल द्रागिच, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, राहणार झिम्निचा, डॅन्यूब नदीचा काठ, आमच्या इमारतीचा ब जिना (म्हणजे त्या जिन्यावरची सगळी घरं), तिसरा मजला, धंदा टीव्ही दुरुस्ती, शिक्षण सातवी आणि पुढचं सगळं उघड्या टीव्हीच्या पोटात, हे इच्छापत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला कोणी मागू नये. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. उलट जो तो म्हणतो, एवढी घाई कसली?

घाईचं कारण असं. ईस्टर झाल्यावर इथल्या वाचनालयात जुन्या दिवसांचं प्रदर्शन भरलं. तिथे दोरी बांधून एक टीव्ही मांडला होता आणि खाली चिठ्ठी, "विसाव्या शतकातील घरगुती वस्तू". मी वाकून मागे पाहिलं. झाकणाला तीन स्क्रू, आणि चौथ्याच्या जागी पीळ घातलेली तांब्याची तार. हा पीळ माझ्या हातचा. मी बोट पुढे केलं तशी राखणदार पोरगी धावत आली.

"आजोबा, हात लावू नका, फार जुनं आहे ते!"

"अगं, मी त्याच्याहून जुना आहे. मला कोण दोरी बांधतंय?"

ती हसली, पण मला काही हसू आलं नाही. घरी आलो आणि कोरा कागद काढला.

नोटरीबाई रालुका, वय सत्तावीस, हिनं सगळं नीट समजावून सांगितलं. फक्त आमच्या काळी दिवसाला दोनच तास टीव्ही असायचा हे ऐकून तिनं विचारलं, "का हो? डेटा संपायचा?" मी म्हटलं, "पोरी, त्या दोन तासांतही भाषणंच असायची. म्हणून तर आम्ही नदीपलीकडचा, बल्गेरियाचा टीव्ही बघायचो." तिनं ते लिहून घेतलं. कशासाठी, देव जाणे.

कलम पहिलं. राहतं घर माझा मुलगा पेत्रिशोर याला. तो स्पेनमध्ये सारागोसाला असतो आणि दर रविवारी फोनवर "बाबा, जेवलात का?" असं विचारतो. जेवलो रे बाबा. घर विकायचं तर खुशाल विक, पण भिंतीवरचा गालिचा काढताना जपून. त्यामागे मुठीएवढं भोक आहे. केबल तिथून जायची. तुझ्या आईला, ऑरिकाला, मी सांगितलं होतं की ते भोक घर बांधणाऱ्यांनीच ठेवलंय. ती गेली तेव्हाही तिचा तोच समज होता, असं मी धरून चालतो.

कलम दुसरं. बँकेत जे असेल त्यातून माझी उत्तरक्रिया, तिथे वाटायची गव्हाची गोड कोलिवा आणि अख्ख्या ब जिन्याला जेवण. कोबीचं लोणचं विकतचं आणू नये. बाल्कनीतल्या पिंपात आहे. उरेल ते पेत्रिशोरच्या मुलीला, माझ्या नातीला.

कलम तिसरं. मीटर, पकडी, सोल्डरिंगची दोन्ही हत्यारं आणि जुन्या टीव्हीतल्या काचेच्या व्हॉल्व्हची पेटी लुमिनित्साला. ही समोरच्या घरातली पोर. सहा वर्षांची असताना माझ्या सतरंजीवर पालथी पडून टीव्ही बघायची. आज पंचेचाळिशीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते आणि स्क्रू दिसावा म्हणून चष्मा शोधते. या इच्छापत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. व्हॉल्व्हचा तिला काडीचा उपयोग नाही. तरी घे बाई, टाकवत नाहीत.

कलम चौथं. माझे मेहुणे आमच्या लग्नातच सर्वांदेखत म्हणाले होते, "टीव्ही दुरुस्तीला भविष्य नाही." त्यांना मी याद्वारे माझ्या रागातून मुक्त करतो. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, फक्त ते पन्नास वर्षं आधी बोलले.

कलम पाचवं. माझी बल्गेरियन भाषा कुणाला देता येणार नाही, कारण ती मी एका बोकडाकडून शिकलो. पलीकडच्या टीव्हीवर दर रविवारी संध्याकाळी टपाल वाटणाऱ्या एका बोकडाची बाहुल्यांची मालिका लागायची. ब जिन्यातली अकरा पोरं माझ्या खोलीत, आणि मी त्यांचा दुभाष्या. सुरुवातीला निम्मं मी मनचंच सांगायचो. पुढे हद्द खुली झाली तेव्हा पलीकडे बाजारात गेलो आणि साबणवाल्याला विचारलं, "आदरणीय मित्रा, तुमच्या दारी उभा राहू का?" बोकड असाच बोलायचा. तो माणूस पोट धरून हसला आणि साबणाची एक वडी फुकट दिली.

कलम सहावं. हे लिहायला मला तीन दिवस लागले. गच्चीवरची अँटेना, नळाच्या पाइपांची, मी आणि तळमजल्यावरचा फनिका स्तोइका यांनी मिळून केलेली. पाइप त्याच्या कारखान्यातले, जोडकाम माझं. पलीकडची पहिली वाहिनी एका डोंगरावरून यायची, दुसरी दुसऱ्यावरून. पाना घेऊन गच्चीवर जायचं आणि दांडा फिरवायचा. गच्चीची चावी आम्हा दोघांकडेच.

शहाऐंशीच्या वसंतात बोकडाचा सव्विसावा, शेवटचा भाग होता. पिशवीत एकच पत्र उरलेलं, ते कुणाचं हे कळायचं होतं. पोरं दुपारपासून जागा धरून बसली होती. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि पडद्यावर मुंग्या. पाच मिनिटांनी फनिका गच्चीवरून उतरला, हातात पाना. दुसऱ्या वाहिनीवर त्या दिवशी फुटबॉल होतं. झालं! जिन्यातला जो तो ओरडला, "फुटबॉलसाठी यानं अँटेना फिरवली, पोरांचा बोकड चोरला!" तो सांगत होता, "अरे, चित्र गेलं म्हणून बघायला गेलो होतो." कोण ऐकतंय? त्याची चावी काढून घेतली. पोरं त्याला बघून बोकडासारखी ओरडायची. लुमिनित्सासुद्धा. वर्षभरात तो बायकोला घेऊन ड जिन्यात राहायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. दांडा होता तसाच होता. केबलचा सांधा सुटला होता. सोल्डर कच्चं राहिलं होतं. माझं सोल्डर. मी दोन मिनिटांत सांधा जोडला, खाली आलो आणि बोललो नाही. तीन तालुक्यांत माझ्यासारखा कारागीर नाही असं लोक म्हणायचे. ते ऐकायची कानाला चटक लागली होती.

तेव्हा मी लिहून देतो की फनिका निर्दोष आहे. थंडी अडवायला इमारतीला बाहेरून थर्माकोल लावणार आहेत, त्यामुळे अँटेना उतरणारच. ~~ती माझ्या मागे फनिकाला द्यावी.~~ (ही खाडाखोड माझी. कारण पुढे.)

येथवर लिहून मंगळवारी लुमिनित्साला वाचायला दिलं. त्याच दिवशी तिनं एक गंमत केली. सव्विसावा भाग तिला इंटरनेटवर सापडला होता. त्या अकरांपैकी गावात राहिलेली तिघं माझ्याकडे जमली. खुर्च्या नकोत म्हणाली, सतरंजीच हवी. सात मिनिटांचा भाग. बोकड पिशवीतून शेवटचं पत्र काढतो, उलटसुलट बघतो, आणि खाऊन टाकतो. संपलं.

मग लुमिनित्सा म्हणाली, "काका, त्या संध्याकाळी तुम्ही तर सांगितलं होतं की ते पत्र ब जिन्यातल्या मुलांना आलं होतं."

"मग? तुम्ही रडत होता. शेवट मलाही ठाऊक नाही असं सांगू?"

"तुमचाच शेवट बरा होता."

उठायची वेळ आली तेव्हा तिघांच्या गुडघ्यांनी आवाज केला आणि त्यांना हात कुणी दिला, तर मी! पोरं म्हातारी व्हायला लागली की आपण कुठे आलो ते कॅलेंडर बघून कळावं लागत नाही.

बाकीची गेल्यावर तिनं हा कागद वाचला. सहाव्या कलमावर थांबली. चष्मा काढला.

"हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"मृत्युपत्रच आहे ना, बाई."

"फनिकाकाका एक्क्याऐंशीचे आहेत. ते आधी गेले तर? मी त्यांच्या मागे बोकडासारखी ओरडले आहे, काका. तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

बुधवारी सकाळी कागद खिशात घालून ड जिन्यात गेलो. फनिकानं दार अर्धंच उघडलं. मी दारातच सहावं कलम वाचून दाखवलं. तो भिंतीला टेकला.

"सांधा? नुसता सांधा?"

"हो."

"एकोणचाळीस वर्षं मला वाटतंय, चित्र परत आलं असतं, पण मी वर जाऊन पाना लावला त्या धक्क्यानं काहीतरी तुटलं. बायकोला म्हटलं, चल इथून, माझ्याच हातून झालं असेल. ती मरेपर्यंत तुझ्या घराकडे बघून पुटपुटायची आणि मी तिला गप्प करायचो! आणि तू, गाढवा, तू हे मेल्यावर सांगणार होतास? मला सांगायला तुला मरावं लागत होतं?"

दार आपटलं. मी पायरीवर बसलो. शेजारणीनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही, पण औषध आत्ताच घेऊन झालं."

आज सकाळी नोटरीबाईंच्या कार्यालयात मी, लुमिनित्सा आणि साक्षीसाठी आणलेल्या वेताबाई बसलो होतो. फनिका आला, न बोलावता, कोट घालून. कलम सहावं ब जिन्याच्या सभेत, मी जिवंत असताना, मीच मोठ्यानं वाचायचं, ही त्याची पहिली अट. मान्य. येत्या शनिवारी वाचतो आहे. दुसरी अट, साक्षीदार म्हणून सही तो करणार.

रालुका म्हणाली, "तुम्हाला अँटेना मिळते आहे. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. एक काय ते निवडा."

फनिकानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अँटेना खोड," म्हणाला. "त्या वेळी माझी साक्ष कुणी घेतली नव्हती."

म्हणून वरची खाडाखोड. अँटेना आता कुणाचीच नाही. उतरवतील तेव्हा भंगारात द्यावी.

या इच्छापत्रावर मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली. यापूर्वी मी दुसरं काही लिहिलेलं नाही. जे सांगायला हवं होतं तेही नाही.

झिम्निचा, गुरुवार, बारा जून दोन हजार पंचवीस.

आंगेल द्रागिच (सही)

साक्षीदार पहिली: वेता मुंतेआनू, निवृत्त शिक्षिका, ब जिना, पहिला मजला. (सही) सही माझ्यासमोर झाली. शुद्धलेखन तपासलं नाही, फार वेळ लागला असता.

साक्षीदार दुसरा: श्टेफान उर्फ फनिका स्तोइका, निवृत्त इलेक्ट्रिशियन, ड जिना, तळमजला. (सही) सहावं कलम दोनदा वाचलं. मजकूर खरा आहे. माफ करतो की नाही ते अजून ठरवलेलं नाही. ठरेपर्यंत याने मरू नये.