मापापेक्षा नऊ इंच जास्त

सोमवार, ३

वसतिगृहाचं काम मिळालं! एकेचाळीस खिडक्यांचे पडदे. रेक्टरबाईंची एकच अट — बिल रीतसर नोंदणी केलेल्या धंद्याचं हवं. अकरा वर्षं घरात मशीन चालवतेय, आता त्याला मालक लागणार. हे जेवताना म्हणाले, "माझ्या नावावर करून टाकू. तू मदत करतेसच." घास तसाच गिळला.

बुधवार, ५

टॅक्सवाल्यांकडे गेलो. एक खुर्ची मोडकी, ती माझ्या वाट्याला. त्यांनी विचारलं, "बाई काय करतात?" हे म्हणाले, "मदत." "मदत असं कागदावर काही नसतं. मालक, भागीदार, नाहीतर पगारी. बोला." हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. चक्क!

मग त्यांनी समजावलं. एकट्याची मालकी — कागद कमी, नफा म्हणजे मालकाचं उत्पन्न, टॅक्स त्यानेच भरायचा, आणि बुडालं तर थेट घरापर्यंत येतं. भागीदारी — कोण काय करतं, कुणाचा वाटा किती, ते आधी लिहायचं; पण एकाची चूक दोघांच्या मानेवर. कंपनीत घर सहसा वाचतं, पण कागदपत्रांच्या खर्चातच आमचे एकेचाळीस पडदे जातील.

"कंपनी राहू दे," हे म्हणाले. "आणि नवरा-बायकोत कसला आलाय करार!" टॅक्सवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

गुरुवार, ६

राग आलाय. खूप.

शुक्रवार, ७

यांनी मापं आणली. सोमवारी नमुन्याचा एक पडदा लावून दाखवायचाय. चिठ्ठीवर — रुंदी अठ्ठेचाळीस, लांबी साठ. म्हणजे नुसती खिडकी! अकरा वर्षं हे खिडकीच मोजून आणतात. मी गुपचूप रुंदी दुप्पट धरते, चुण्यांसाठी. लांबीत नऊ इंच वाढवते, वरच्या-खालच्या दुमडीसाठी. यांना वाटतं, चिठ्ठीचाच पडदा होतो.

आज चिठ्ठीप्रमाणेच कापला.

सोमवार, १०

पडदा ताणून बसला. चुणी एक नाही, खाली वीतभर उजेड. रेक्टरबाई म्हणाल्या, "हा पडदा की टॉवेल?" हे म्हणाले, "मापं बरोबर आहेत!" टेप काढून तीनदा मोजलं. बरोबरच होती.

जिन्यात यांनी हळूच विचारलं, "तू दर वेळी किती वाढवतेस?" सांगितलं. "अकरा वर्षं?" "हो." मग घरापर्यंत हे टेप उलगडत-गुंडाळत राहिले. मला वाटलं होतं, मजा येईल. कसली मजा! वाईटच वाटलं. शुक्रवारपर्यंत दुसरा पडदा न्यायचाय, नाहीतर काम गेलं.

बुधवार, १२

पडदा नीट शिवला. हे टॅक्सवाल्यांकडून भागीदारीचा मसुदा घेऊन आले — आपण होऊन! वाटा निम्मा-निम्मा. स्वतःच्या कामापुढे यांनी लिहिलंय, "मापं घेणे." माझ्यापुढे, "बाकी सगळं." डोळे भरून आले. सहीला पेन उघडलं.

मग तेच कलम दिसलं. एकाची चूक दोघांच्या मानेवर.

पेनाला टोपण लावलं.

शुक्रवार, १४

पडदा पसंत. नोंदणीचा अर्जही दिला. मालक — मी, एकटी. बुडालं तरी माझ्या चुकीने बुडेल.

यांनी विचारलं, "मग मी कोण?"

"पगारी. पहिले तीन महिने शिकाऊ."

हे हसले. मी नाही हसले.