पंचमीला घट हलवला

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२२ ऑक्टोबर १९७४

शेवंताच्या बाबांना अंबूचा नमस्कार.

तुमचं पत्र घट बसायच्या आदल्या दिवशी मिळालं. तिकडं आतापासूनच थंडी पडली, स्वेटर पुरत नाही, हे वाचून काळजी वाटली. लोकर आणून ठेवली आहे. इकडे सर्व खुशाल. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणीच नाही, पण ते पुढं येईलच.

आधी चांगल्या बातम्या. समोरच्या बायडाबाईंची म्हैस व्याली, रेडी झाली. आपल्याकडं तांब्याभर चीक आला, खरवस झकास झाला. शेवंता आता शंभरपर्यंत म्हणते, मधले साठ-सत्तर गाळून. तिला थोडा खोकला आहे.

आता भिंतीचं. तुम्ही म्हणाल, पुन्हा भिंत! हो, पुन्हा भिंत. मागच्या दोन्ही पत्रांत लिहिलं आणि दोन्ही वेळा तुमचं उत्तर एकच, ‘आईच्या मनाप्रमाणे घे.’ तिकडं लांब बसून हे लिहायला काय जातंय? न्हाणीचा पाइप भिंतीच्या पोटातनं न्यायचा, बाहेर दिसायला नको, हा हट्ट कुणाचा होता? तुमच्या मेजरसाहेबांच्या बंगल्यात तसा आहे म्हणून आमच्या मातीच्या भिंतीतही तसाच. साहेबांची भिंत सिमेंटची असेल, एवढं तरी बघायचं होतं.

पावसाळ्यात घरात ओल असतेच म्हणून मीही गप्प होते. पाऊस गेला, ऊन पडलं, गल्लीतला चिखल वाळून धूळ उडायला लागली, आणि माजघरातला कुबट वास मात्र वाढतच चालला. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या आत्याबाई, यांचं म्हणणं की माझं धुणं नीट वाळत नाही. घटाआधी घरातलं अंथरूण-पांघरूण पंचगंगेवर नेऊन आपटलं, घाटावर कडकडीत वाळवलं. घरी घड्या घालून ठेवलं तर पुन्हा तोच वास. तेव्हा म्हणाल्या, “तुझ्या हातालाच वास हाय.” हसू नका.

शेवटी वैतागून तुमची लष्करी पेटी ओढली. मागं भिंत दिसेचना, काळं घोंगडं लावल्यासारखी बुरशी. हात लावला तर गिलावा लोण्यासारखा बोटाला आला. फोटोंच्या मागं तेच, कपाटाच्या मागं तेच. पलीकडच्या अंगाला न्हाणी आणि अलीकडं, त्याच भिंतीला डोकं लावून, आपली शेवंता झोपायची.

बादशहा नळवाल्याला बोलावलं. नाव बादशहा आणि येतोही तसाच, मर्जी झाली की. त्यानं न्हाणीच्या बाजूनं हातभर भगदाड पाडलं, आत बघितलं आणि म्हणाला, “पाइप कोरडा हाय वैनी. ही भितच घाम सोडतीया.” भिंत घाम सोडते! बिडी पेटवून गेला तो गेला. भगदाड तेवढं ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी घट बसले. आत्याबाईंनी बजावलं, “आता दसऱ्यापतूर घरात खिळासुदिक ठोकायचा न्हाय. देवी बसल्याली हाय.” आणि देवी बसली कुठं? देव्हारा त्याच भिंतीला, मग धान पेरलेली घटाची परडीही तिथंच.

पुढचं ऐका. तिसऱ्या माळेलाच धान वर आलं. चौथ्या माळेला चार बोटं झालं, हिरवंगार, दाट. दरवर्षी आपलं धान कसं येतं ते तुम्हाला माहीत आहे, नवव्या माळेपर्यंत पिवळं पडतं. यंदा गल्ली लोटली बघायला. बायडाबाईंनी गालावर थापा मारून घेतल्या. “असलं धान म्या जल्मात बघितलं न्हाय. आंबाबाईच आलीया की तुमच्या घरात!”

मला राहवलं नाही. म्हटलं, “आंबाबाई न्हाय, म्युन्शिपालटी आलीया. परडीखाली हात घालून बघा, कसा चिखल हाय.” आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की बायडाबाई चहा न घेताच उठल्या.

मघाशी थोडा खोकला असं लिहिलं, ते खरं नाही. तुम्ही परमुलखात, उगाच घोर लागायला नको म्हणून लिहिलं होतं. शेवंताला धाप लागते. आडवं केलं की छातीत शिट्टी वाजते, मग मांडीवर उभी धरून बसायचं. पंचमीच्या आदल्या रात्री तिचे ओठ निळे पडले. मला म्हणाली, “आई, हवा दे की.” मी पदरानं वारा घालत बसले, दुसरं काय देणार होते? डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं, पोरीला ओलीतनं हलवा. हलवणार कुठं? सोप्यात झोपवते म्हटलं तर आत्याबाई म्हणाल्या, “सणासुदीचं दारात निजवतीस व्हय पोरीला? वारं बादंल.”

पंचमीला आत्याबाई बायडाबाईंबरोबर टेंबलाईच्या टेकडीवर गेल्या, कोहळा फोडायचा सोहळा बघायला. मी शेवंताला सोप्यात उन्हाला निजवलं, दार लावलं आणि घट हलवला.

हो, हलवला. आधी समई उचलली, ज्योतीला हाताचा आडोसा करून स्वयंपाकघरात नेली. विझली नाही. मग परडी नेली. देवीला म्हटलं, काय शिक्षा करायची ती मला कर. मग पहार घेतली.

पाइप देव्हाऱ्याच्या मागंच फुटला होता, जोडावर. बादशहानं खोदलं त्याच्या वीतभर खाली! पहारीचा टोला बसला आणि पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर. बंद करायची चावी कुठं आहे, ते तुम्ही जाताना सांगितलं नाहीत. चिंध्या कोंबल्या, पोतं कोंबलं, त्यावर पाठ लावून बसले. नळाचं पाणी जाईपर्यंत तशीच बसले होते.

आत्याबाई आल्या तेव्हा माजघरात चिखल, मी चिखलात, आणि देव्हारा रिकामा.

“घट हलीवलास?”

“हलीवला.”

वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण त्यांनी हातातला प्रसाद फडताळात ठेवला, भिंतीतल्या त्या काळ्या भोकात हात घातला, वास घेतला आणि खाली बसल्या. मग म्हणाल्या, “मला काय कळत न्हवतं व्हय गं? तिसऱ्या माळंलाच परडी उचलून बघितली हुती म्या. नळाचं पाणी हाय, दिसलं की.”

मी चिडूनच विचारलं, मग गप्प का बसलात?

“एकाहत्तरला धान कुजलं. मार्गशीर्षात माझ्या सयाच्या पायात गोळी लागल्याची तार आली. तवापास्नं दर साली त्याच्या नावानं पेरती आन् दर साली करपतंय. यंदा आलं. नळाचं का असंना, आलं हुतं न्हवं? माझ्या हातानं बंद करू व्हय त्येचं पाणी?” मग सोप्याकडं बघून हळू म्हणाल्या, “पोरगी खोकत हुती, ते पावसानं आसंल वाटलं मला.”

एवढं बोलल्या, त्यानंतर माझ्याशी बोलणं नाही. बादशहानं काल नवा पाइप टाकला, भिंतीच्या बाहेरनं. दिसतो तर दिसू दे. बुरशीचा गिलावा सगळा खरवडून काढला आहे. शेवंता सोप्यात आत्याबाईंच्या कुशीत झोपते, छातीतली शिट्टी कमी आहे. परडी आता स्वयंपाकघरात आहे, कोरड्यात. आत्याबाई ओंजळीनं पाणी घालतात, मला जवळ फिरकू देत नाहीत. शेंडे माना टाकायला लागलेत.

धानाचा आणि तुमच्या जिवाचा काही संबंध नाही. मी सातवी पास आहे, मला एवढं कळतं. आत्याबाईंना सांगायची हिंमत नाही, म्हणून दिवसभर स्वतःलाच सांगते. आणि त्या देवळात गेल्या की चोरून तांब्याभर पाणी घालून येते. संताप येतो माझा मला. तुमचाही येतो.

तेव्हा या खेपेला आईच्या मनाप्रमाणे घे असं लिहू नका. त्यांच्या मनात तुम्ही आहात, दुसरं काही नाही. माझ्याही. रजा मागा. मिळत नाही म्हणाले तर पुन्हा मागा. एकदा दारात उभे राहा, तुम्हाला धडधाकट बघू दे आम्हा दोघींना, मग घटात काहीही उगवो.

दर पत्राखाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहिते. आज ते लिहिलं तर खोटं होईल.

तुमची,
अंबू