माहिती देणाऱ्याचं नाव

४ जून, बुधवार
रेणूने आज जेवताना सांगितलं, तिला ऑटिझम आहे. सव्वीस वर्षांची मुलगी, सॉफ्टवेअर टेस्टर, आणि ऑटिझम. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी तीन बैठकांत शोधून काढलं. मी सव्वीस वर्षं रोज बघतोय, मला दिसलं नाही, म्हणजे नाहीच. तसं म्हटलं. ती ताट घेऊन खोलीत गेली.
कुकरच्या शिटीला कान झाकते, लग्नात बाथरूममध्ये जाऊन बसते, बारा महिने दहीभात खाते. आमच्याकडे याला हट्ट म्हणतात. तिच्या आईने, शोभाने, लाडावून ठेवली. शोभा चार वर्षांपूर्वी गेली, निस्तरायला मी.

५ जून, गुरुवार. सकाळी ६
संकल्प: चिडायचं नाही. रेणूशी रोज अर्धा तास बोलायचं. महिनाभरात हे खूळ तिच्या डोक्यातून काढायचं.
संध्याकाळी ७. अर्धा तास बोललो. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

८ जून, रविवार
माणसांत मिसळलं की सगळं जातं. म्हणून शेजारच्या अप्पारावांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. सात जण. रेणूला आधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर नाही म्हणाली असती. ती बाहेर आली, दारातल्या चपला पाहिल्या, आत जाऊन कडी लावली. पाहुण्यांना म्हटलं, ऑफिसचा कॉल आहे. रविवारी, तीन तास. निघताना अप्पाराव म्हणाले, बच्ची है, लाइट लो. म्हणजे मनावर घेऊ नका.
प्रयोग अगदीच फसला असं नाही. खिचडी आणि चिंचेचा खट्टा सगळ्यांनी दोनदा मागून घेतला. रेणूच्या दारावर मी हात आपटला, पण फक्त दोनदा.

१० जून, मंगळवार
रेणू फॉर्म घेऊन आली. रिपोर्ट पक्का करायला लहानपणाची माहिती लागते, ती घरातल्या मोठ्या माणसाने द्यायची. रिपोर्ट मिळाला तर ऑफिसात तिला शांत खोली मिळेल. नाही मिळाला तर त्या गोंगाटात नोकरी टिकवणं जमणार नाही म्हणे. म्हणाली, बाबा, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल, फक्त खरं लिहा.
आता सूत्रं माझ्या हातात. एकतीस वर्षं आबिड्सच्या ऑफिसात विम्याचे क्लेम तपासले. फॉर्मच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

१३ जून, शुक्रवार
बेचाळीस प्रश्न, एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. बोलायला कधी लागली? दीड वर्षाची असताना, तेही पूर्ण वाक्यं. मैत्री? काचीगुड्याची अर्धी गल्ली, संध्याकाळी ओढून घरी आणावं लागे. मोठ्या आवाजाची भीती? छे, गणपतीत ढोलापुढे नाच. लोकांसमोर? मंडळाच्या स्टेजवर श्लोक म्हणून पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा. इजा? नारायणगुड्याला सायकलवरून पडून गुडघ्याला सहा टाके.
या माहितीपुढे कुठलं निदान टिकतं, बघू. लिहिताना डोळे भरून आले. बाप शेवटी बाप असतो.

१४ जून, शनिवार
रेणूने उभ्यानेच वाचलं. म्हणाली, बाबा, हा अनिकेत आहे.
स्टेज, डबा, सायकल, सगळं तिच्या भावाचं. तिला सायकल कधी घेतलीच नव्हती. मग तिने सलवार वर करून दोन्ही गुडघे दाखवले. स्वच्छ.
म्हटलं, पाठोपाठची दोन मुलं, होतं थोडं इकडचं तिकडे. मग तू काय करायचीस? म्हणाली, तेच तर तुम्हाला विचारलं होतं.

१५ जून, रविवार
अनिकेतला पुण्याला फोन. सहज म्हणून विचारलं. म्हणाला, रेणू चार वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती, आई तिला दर गुरुवारी डॉक्टरकडे न्यायची. तुम्हाला खरंच माहीत नाही?
गुरुवारी आमच्या ऑफिसात ऑडिट असायचं.
दुपारभर आठवून पाहिलं. शोभाच्या कडेवर एक फ्रॉक दिसतो. चेहरा येत नाही. लाज वाटली.

१७ जून, मंगळवार
संकल्प: नवा फॉर्म, या वेळी अचूक. अनिकेतकडून मुद्दे लिहून घेतले. रेणूकडे कोरी प्रत मागितली. म्हणाली, राहू द्या, भामा येतेय.
भामाने आमच्याकडे अठरा वर्षं भांडी घासली. तिला लिहिता-वाचता येत नाही. म्हटलं, ती काय सांगणार? रेणू म्हणाली, सगळं.

२१ जून, शनिवार
क्लिनिकला मीही गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. वडिलांना काहीतरी विचारतीलच. मॅडमनी भामाला आत नेलं, मला बाहेर बसायची विनंती केली. पाऊण तास. दाराच्या काचेतून भामाचे हातवारे दिसत होते. रेणू हसत होती. घरात ती अशी हसल्याचं मला आठवत नाही. पण माझ्या आठवणीचं आता काय सांगावं.
रिपोर्ट पक्का झाला.
बाहेर आल्यावर भामा म्हणाली, साहेब, बुरा मानू नका, शोभाबाई म्हणायच्या, पोरीचं साहेबांना कळू देऊ नको. विचारलं, का? म्हणाली, आत मॅडमनी पण हेच विचारलं. मग काय सांगितलंस, ते विचारायचा धीर झाला नाही.
रेणू तिला बसस्टॉपवर सोडायला गेली. मला घ्यायला परत येईल म्हणून बाकावर बसून राहिलो. रिसेप्शनवरच्या मुलीने क्लिनिक बंद करायची वेळ झाली म्हणून सांगितलं, तेव्हा उठलो.