पहिल्या धारेची

बा, मालकाचा तो जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर काल माह्या हातानं नीट चालला. पोळ्याले सजवून फिरवायचा म्हणून मालकाच्या नातवानं तो भातगिरणीच्या शेडातून काढला, पण इंजन खोकलत होतं, थरथरत होतं. ब्रह्मपुरीचा मिस्त्री दोन दिवस डोकं खाजवून गेला. मी म्हटलं, "सरका, तुमच्यानं होत नाई." चालू इंजनावर रबरी चपलेनं धरून प्लगची एकेक वायर उपसली, तू दाखवलं होतं तशी. आवाज पडला तर ते सिलिंडर काम करून राह्यलं. फरकच नाई पडला तर दुखणं तिथीच. तिसऱ्याले फरक पडला नाई. उंदरानं वायर कुरतडली होती. ती बदलली अन् इंजन गुमान चाललं. "आजी, हे कोणी शिकवलं?" नातवानं विचारलं. "माह्या बानं," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची. तू वावरात याच ट्रॅक्टरनं नांगरत आहेस, मी मालकाच्या घरून पेट्रोलचा डबा आणून राह्यली. वाटेत तेंदूखाली पडलेली पिकली टेंभरं वेचायले डबा उतारावर ठेवला, तो कलंडला, अर्धं पेट्रोल मातीत गेलं. घरी मायनं पाहुण्यांसाठी मोहाची दारू काढून ठेवली होती, पहिल्या धारेची. ती विस्तवावर शिंपडली की भडकते, हे मी पाह्यलं होतं. जळते तर चालन, एवढीच माही अक्कल. त्या दारूनंच मी डबा भरला अन् तुह्या हातात दिला. थोड्या वेळानं इंजन गचके देऊ लागलं. तू वायरी उपसल्या. एकदा ही रुसे, एकदा ती. "एकाचं दुखणं नाई हे, पोटातच काही गेलं," तू म्हणाला. कार्बोरेटरची वाटी खोलून हुंगली अन् माह्याकडे पाह्यलं. तितक्यात मालक आला, त्यानंही हुंगलं. "काऊन रे, सोता ढोसतेस ते ढोसतेस, गाडीलेबी पाजतेस?" तू जन्मात थेंब चाखला नव्हता. तू म्हणाला, "चुकलं, मालक." मी रिकामा डबा धरून उभी. तोंडातलं टेंभरू गिळलं, पण बोलली नाई.

मालकानं तुले परत ट्रॅक्टरवर बसू दिलं नाई. तू बांबू तोडायले गेला. मले कधी विचारलंही नाई. दोन हाणल्या असत्या तर मी बोलली असती, असं इतकी वर्षं सोताले सांगत आली. तेही खोटंच.

काल मी "माह्या बानं" म्हटलं, तर गिरणीचा म्हातारा हमाल बिडी झटकत म्हणाला, "कोण, तो बेवडा डायवर?" सगळे हसले. माही जीभ गावाले माहीत आहे, सरपंचालेबी सोडत नाई. मी चप्पल पायात घातली अन् म्हटलं, "हो, तोच."

घरी येऊन चौथीतल्या अक्षरांनी हे लिवलं. तुले पोचणार नाई म्हणूनच एवढं लिवता आलं. ज्याले सांगायचं तो हमाल रोज सकाळी गिरणीच्या ओट्यावर बसते. माह्या दारातून वीस पावलं.